घुमटातली हवा, पेटीतली हवा

नवा टीव्ही भिंतीवर चढतो. चित्र लख्ख, रंग झगझगीत. संध्याकाळी घरातलं कोणीतरी म्हणतं, "चित्र छान आहे, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का येतो? जुन्या टीव्हीचा याहून भरदार होता." शंका रास्त आहे. जुन्या टीव्हीच्या पाठीमागे हात-दीड हात खोल पेटी होती. नव्याची जाडी जेमतेम दोन-तीन बोटं. पडदा पातळ करता आला, पण खर्जाला जागा लागते आणि त्या जागेला अजून पर्याय सापडलेला नाही.

मग दुकानात कंबरेएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे 'टॉवर' स्पीकर दिसतात. किमतीची चिठ्ठी पाहिली की दुसरा प्रश्न येतो: या लाकडी खांबात एवढं महाग काय असतं? कमी खर्चात, ओळखीच्या सुताराला हाताशी धरून असा जोड करता येईल का?

येतो. मात्र पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आधी कळायला हवं. त्यासाठी या प्रकरणात असा एक जोड कागदावर उभा केला आहे. खोली नमुन्यादाखल घेतली आहे ती उत्तनची, म्हणजे भाईंदरच्या पश्चिमेला समुद्राला लागून असलेल्या गावातली. १० फूट बाय १२ फूट, सिमेंटच्या भिंती, खाली लादी, खिडकीतून खारा वारा. उत्तनच निवडण्याचं आणखी एक कारण आहे. स्पीकरच्या पेटीमागचं सगळं विज्ञान या किनाऱ्यावरच्या एका मातीच्या वाद्यात फार पूर्वीपासून आहे.

१. घुमट कसं घुमतं?

उत्तन, गोराई, वसई या पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या लग्नगीतांना घुमटाची साथ जुनी आहे. गोव्यात तर घुमट घरोघरी पोचलेलं. २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यापासून बकऱ्याचं कातडं वापरलं जातं.

वाद्याची घडण साधी आहे. दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं मडकं. रुंद तोंडावर कातडं ताणलेलं, दुसरं तोंड निमुळतं आणि मोकळं. वादक एका हाताने कातड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा मोकळ्या तोंडावर ठेवतो, उचलतो, अर्धवट झाकतो. तळव्याच्या या हालचालीबरोबर आवाज खाली उतरतो, वर चढतो.

इथे घडतं काय? मडक्यातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि फुगते. निमुळत्या तोंडातल्या हवेचा गोळा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखा पुढेमागे होतो. वजन आणि स्प्रिंग एकत्र आले की त्यांचा एक ठरावीक सूर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ऐकू येतो तो हाच सूर. मडकं मोठं केलं, तर स्प्रिंग सैल होते आणि सूर उतरतो. तोंड अरुंद केलं किंवा मान लांबवली, तरी सूर उतरतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात पोकळ गोळे वापरून याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून अशा पोकळीला त्यांचं नाव पडलं.

आता कातड्याच्या जागी वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर), मडक्याच्या जागी प्लायची पेटी आणि निमुळत्या तोंडाच्या जागी पाइपचा तुकडा बसवला, की 'बास रिफ्लेक्स' जातीचा स्पीकर तयार होतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे अल्बर्ट थुरास यांना या कल्पनेचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. बाजारातले बहुतेक टॉवर स्पीकर आजही याच जातीचे असतात.

२. पेपर, कॉइल, मॅग्नेट

पेटीत बसणारा स्पीकर १९२५ मध्ये आकाराला आला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी जी रचना मांडली, तिचा सांगाडा शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. एक गोल मॅग्नेट, त्याच्या फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला शंकूच्या आकाराचा पेपर. कॉइलमधून वीज खेळली की ती मॅग्नेटपाशी पुढेमागे होते आणि पेपर हवेला ढकलतो. दुरुस्तीच्या दुकानात 'कॉइल जळाली' किंवा 'पेपर फाटला' असं म्हणतात ते याच भागांबद्दल.

मग पेटी कशाला? पेपर पुढे सरकला की पुढची हवा दबते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या नेमके उलट असतात. खर्जाची लाट लांबलचक असते. उत्तनच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो, तेव्हा ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० हेलकाव्यांच्या) लाटेची लांबी पावणेनऊ मीटर होते. एवढी मोठी लाट हातभर स्पीकरला सहज वळसा घालते, मागची पुढचीला भेटते आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात.

हे घरी पाहता येतं. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर किरकिरा वाटतो. एका मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या मापाचं भोक पाडून तोच स्पीकर त्यावर घट्ट धरला, की खर्ज अचानक उगवतो. पुठ्ठ्याने वळशाची वाट अडवलेली असते.

पेटीने मागचा आवाज कोंडला, की खोडाखोड थांबते. रिफ्लेक्स पेटी एक पाऊल पुढे जाते. ती मागचा आवाज वाया घालवत नाही. पाइपच्या सुरापाशी मागची हालचाल उलटून पुढच्याला साथ देते.

३. तीन हवेत, दोन मिळतात

प्रत्येक ग्राहकाला तीन गोष्टी हव्या असतात: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन. या तिन्हींपैकी दोनच पूर्ण मिळतात आणि तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं, हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आकडा ऐकला की नियमाचा कडकपणा जाणवतो. आवाजाची तीच तडफ राखून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा, तर पेटी आठपट मोठी लागते. ४० हर्ट्झसाठी ४० लिटरची पेटी पुरत असेल, तर २० हर्ट्झसाठी ३२० लिटर, म्हणजे चांगल्या मोठ्या फ्रिजएवढी. पेपरवरचा ताणही तसाच वाढतो. तेवढ्याच आवाजासाठी सूर निम्म्यावर आला की पेपरला चौपट लांब धावावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर पुरत असेल, तर ४० ला चार आणि २० ला सोळा. साडेसहा इंची वूफरचा पेपर एका बाजूला साधारण चार-पाच मिलिमीटर सुखाने हलतो. त्यापुढे तो फरफटतो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की किती खोल खर्ज खरोखर लागतो? काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. बास गिटारचा नेहमीचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झ. पियानोचा शेवटचा सूर २७.५ वर आहे, पण तिथे बोट क्वचित पोचतं. ४० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा स्पीकर अभंग, भावगीत, कोळीगीत, चर्चचा क्वायर आणि चित्रपटसंगीत यांपैकी जवळजवळ सगळं पुरं ऐकवतो. त्याखालच्या सप्तकाचा हट्ट सोडला की खर्च झपाट्याने खाली येतो.

आता टॉवरची खरी सोय लक्षात येते. फळीवर ठेवायच्या लहान स्पीकरला खोलीत नीट ऐकण्यासाठी दोन फुटी स्टँड लागतोच. म्हणजे जमीन तेवढीच अडते. फरक इतकाच, की स्टँडच्या जागी पोकळ लाकूड आणि त्यात हवा. चौदा-पंधरा लिटरची पेटी त्याच जागेत चाळीस लिटरची होते. स्पीकरमधला सर्वांत स्वस्त भाग हवा आहे, आणि टॉवर तीच भरपूर वापरतो.

४. वूफरची पत्रिका

फार काळ पेट्या अंदाजाने बनत. करून पाहायचं, ऐकायचं, पुन्हा कापायचं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातले अभियंता नेव्हिल थील यांनी पेटी आणि वूफर यांचं गणित मांडलं. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या सुमारास ते पूर्णत्वाला नेलं. तेव्हापासून चांगल्या वूफरबरोबर काही आकडे छापून येतात. त्यांतले तीन कळले की पुरे.

पहिला आकडा पेपरच्या स्वतःच्या सुराचा. तबल्याच्या पुडीवर शाई चढवली की वजन वाढतं आणि कातड्याचं कंपन बदलतं. त्या शाईची किमया सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' नियतकालिकातून जगापुढे मांडली होती. पेपरचंही तसंच. वजन जास्त आणि कडेची रिंग सैल, तर सूर खाली.

दुसरा आकडा लिटरमध्ये असतो. पेपरला धरून ठेवणाऱ्या रिंगची जेवढी ताठ स्प्रिंग आहे, तेवढीच ताठ स्प्रिंग किती लिटर कोंडलेल्या हवेची होईल, ते तो सांगतो.

तिसरा आकडा शिस्तीचा. झोपाळ्याला एक धक्का देऊन सोडलं, तर तो बराच वेळ हलत राहतो. पाय जमिनीला घासले तर दोन हेलकाव्यांत थांबतो. मॅग्नेट जितकं जोरदार तितके पाय जास्त घासले जातात आणि आकडा लहान येतो. रिफ्लेक्स पेटीला हा आकडा साधारण ०.३ ते ०.४५ च्या दरम्यान मानवतो. ०.७ चा वूफर अशा पेटीत घातला की प्रत्येक ठोक्यामागे 'घुंऽऽ' अशी शेपटी राहते. स्वस्त स्पीकरचा घुमारा बहुतेकदा इथूनच येतो: मॅग्नेट लहान आणि पेटी कशीही.

नमुन्यासाठी साडेसहा इंची वूफर धरू या: स्वतःचा सूर ४० हर्ट्झ, हवेचा आकडा ४२ लिटर, शिस्त ०.४. थील-स्मॉल यांच्या कोष्टकानुसार या पत्रिकेला ४० लिटरची पेटी आणि ४० हर्ट्झचा पाइप चपखल जुळतो. हे कोष्टक आता हाताने सोडवावं लागत नाही. 'विनआयएसडी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आकडे भरताच आलेख काढून देतं.

खरेदीचा धडा इथेच आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे वूफर ढिगाने मिळतात. ज्याच्याबरोबर हे तीन आकडे येत नाहीत, तो कितीही देखणा असला तरी त्याच्यासाठी पेटी काढता येत नाही. आणि चार साधारण वूफरांच्या रांगेपेक्षा एक चांगला वूफर आणि एक चांगला ट्वीटर (बारीक स्वरांचा लहान स्पीकर) यांतच पैसे घालावेत.

५. एक प्लाय, दोन पेट्या

आतून १७ सेंटिमीटर रुंद, २६ खोल आणि ९५ उंच. गुणाकार जवळजवळ ४२ लिटर येतो. आतल्या आडव्या फळ्या, पाइप आणि वूफरचं मॅग्नेट यांचे दोन लिटर वजा केले की ४० उरतात.

अठरा मिलिमीटरचा प्लाय घेतला, तर बाहेरचं माप २०.६ × २९.६ × ९८.६ सेंटिमीटर होतं. आठ बाय चार फुटी प्लाय म्हणजे २४४ × १२२ सेंटिमीटर. लांबीवर ९८.६ चे दोन पट्टे निघतात. प्रत्येक पट्ट्यात २९.६ च्या दोन बाजू आणि १७ च्या दोन, म्हणजे पुढची आणि मागची, अशा चार फळ्या बसतात. बेरीज ९३.२, करवतीची जाडी धरूनही जागा उरते. उरलेल्या तुकड्यांतून वरची-खालची झाकणं आणि आतल्या आधाराच्या फळ्या निघतात. एका प्लायमध्ये पूर्ण जोड. हा हिशेब सुताराला आधी दाखवला तर तो माप थोडं कमीजास्त करून तुकडे आणखी नीट बसवतो.

पाइपसाठी नळकामाचा ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी तुकडा चालतो. आतली पोकळी ७ सेंटिमीटरच्या आसपास असते. ४० लिटरच्या पेटीला ४० हर्ट्झचा सूर देण्यासाठी हवेचा 'गोळा' साडेअठरा सेंटिमीटर लांब हवा. पण पाइपच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही त्या गोळ्याबरोबर हलते आणि तिचीच लांबी सुमारे पाच सेंटिमीटर भरते. म्हणून तुकडा कापायचा तो सव्वातेरा सेंटिमीटर.

उंच पेटीचा एक दोष आधीच ओळखायला हवा. ९५ सेंटिमीटरच्या पोकळीत बासरीसारखा स्वतःचा एक सूर तयार होतो, सुमारे १८३ हर्ट्झचा, नेमका माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत. तो सुटला तर निवेदकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो. उपाय दोन, दोन्ही स्वस्त. या सुराचा दाब पोकळीच्या दोन टोकांना सर्वांत जास्त आणि मधोमध शून्य असतो. म्हणून पाइप उंचीच्या मध्यावर बसवला की तो सूर पाइपमधून बाहेर पडत नाही. शिवाय मधल्या भागात हवा सर्वांत जास्त पळते, तेव्हा तिथे उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरायचा. फक्त पाइपचं तोंड मोकळं ठेवायचं.

भिंती थरथरू नयेत म्हणून आत दोन ठिकाणी आडव्या फळ्या, मधे मोठी भोकं पाडलेल्या, चारही बाजूंना चिकटवाव्यात. परीक्षा माठ घेताना करतात तीच: बोटाच्या पेराने ठोकून पाहायचं. माठ खणखणला तर चांगला. पेटीचं उलट, ती जितकी बद्द वाजेल तितकी बरी. सांध्याला आतून फेविकॉल आणि भुशाचा लेप द्यावा, कारण केसाएवढ्या फटीतून सुटलेली हवाही खर्ज खाते आणि वर शिट्टी वाजवते.

६. दोन जाळी

उत्तनचे कोळी बोंबलासाठी डोल लावतात. ते तोंडाशी मोठ्या आसाचं आणि शेपटाकडे बारीक होत गेलेलं पिशवीसारखं जाळं असतं. कोणत्या आसाचं जाळं, त्यावर काय अडकणार आणि काय निसटणार ते ठरतं. स्पीकरमधला 'क्रॉसओव्हर' हेच काम विजेवर करतो. तारेची कॉइल जाड स्वर जाऊ देते आणि बारीक अडवते. कपॅसिटर बारीक स्वर जाऊ देतो आणि जाड अडवतो. वूफरच्या वाटेत कॉइल, ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर.

वाटणी कुठे करायची? साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग सुमारे १३ सेंटिमीटर रुंद असतो. २,६०० हर्ट्झच्या पुढे लाट त्याच्याहून लहान होते आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा फक्त समोर जाऊ लागतो. बाजूला बसलेल्याला तो मंद वाटतो. म्हणून २,५०० हर्ट्झपाशी काम ट्वीटरकडे सोपवावं.

त्यासाठी ८ ओहमच्या हिशेबाने १ मिलिहेन्रीची कॉइल आणि ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतात. वूफरकडे कॉइल वाटेत आणि कपॅसिटर आडवा, म्हणजे वूफरच्या दोन टोकांमध्ये. ट्वीटरकडे याच्या उलट. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी १९७६ पासून रूढ झाली. तिच्या या सोप्या रूपात ट्वीटरच्या तारा उलट जोडाव्या लागतात, नाहीतर दोघांच्या सांध्यापाशीच आवाजात खड्डा पडतो.

हे आकडे सुरुवातीचे समजावेत, कारण खरा वूफर सगळ्या सुरांवर ८ ओहमचा राहत नाही. आणखी एक दुरुस्ती हवीच. २० सेंटिमीटर रुंदीची पेटी साडेपाचशे हर्ट्झच्या वरचा आवाज पुढे ढकलते. त्याखालचा आवाज पेटीला वळसा घालून मागेही पांगतो. भिंतीला पाठ लावून हाक मारणं आणि मोकळ्या वाळूवर उभं राहून हाक मारणं यात जो फरक, तोच इथे. पुस्तकी आकडे जसेच्या तसे वापरले तर स्पीकर चिरका होतो, तो या कारणाने. वूफरची कॉइल दीड ते दोन मिलिहेन्रीपर्यंत वाढवून आणि ट्वीटरपुढे एक रेझिस्टर लावून वरचा भाग दोन-तीन डेसिबलने नमता घ्यावा. पेटी भिंतीजवळ उभी राहणार असेल तर एवढं पुरतं.

७. वॅटचा हिशेब

एकेकाळी म्युझिक सिस्टिमच्या खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून हजारो वॅटचे आकडे छापलेले असत. तो आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धत कधीच नव्हती. ॲम्प्लिफायर घेताना 'आरएमएस' वॅट पाहावेत आणि स्पीकर घेताना डेसिबल.

आपल्या वूफरला एक वॅट दिला तर एक मीटरवर सुमारे ८९ डेसिबल आवाज मिळतो, असं मानू. मागच्या भागातली दुरुस्ती केल्यावर ८६. साधं बोलणं एक मीटरवर ६० च्या आसपास असतं, म्हणजे एक वॅट हाच घरात बराच मोठा आवाज आहे. ठोक्याच्या क्षणी दहा-वीसपट वीज लागते, म्हणून २० वॅटचा ॲम्प्लिफायर १० बाय १२ च्या खोलीला पोटभर पुरतो. वॅट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दसपट वॅट लागतात.

स्पीकर किती वीज आवाजात बदलतो हेही पाहण्यासारखं आहे. ८९ डेसिबलचा वूफर दोनशे भागांतला एकच भाग आवाज करतो. बाकी सगळी वीज कॉइल तापवण्यात जाते. म्हणून तीन डेसिबल जास्त देणारा वूफर घेणं हे दुप्पट मोठा ॲम्प्लिफायर घेण्यासारखंच आहे.

८. खोली आणि खारा वारा

बारा फुटी भिंतींमधल्या हवेचा स्वतःचा सूर साडेसत्तेचाळीस हर्ट्झचा, दहा फुटींचा सत्तावन्नचा. या दोन सुरांवर खोली आपणहून साथ देते. पेटी कोपऱ्यात ढकलली की ही साथ आणखी फुगते. लहान खोलीत म्हणूनच स्वस्त टॉवरही खर्जात कमी पडत नाही. बहुतेकदा तो जास्तच होतो. तसं झालं तर पेटी कोपऱ्यातून हातभर पुढे घ्यावी. तरी घुमारा राहिला तर पाइपमध्ये एक गुंडाळलेला मोजा सारावा. पाइप जवळजवळ बंद होतो आणि खर्ज आटोपशीर येतो. लादीवर एखादी सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा असला की वरचा चरचरीतपणाही निवतो.

ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. खुर्चीत बसणाऱ्यासाठी जमिनीपासून ९० सेंटिमीटर ठीक. घर खाली बसून ऐकणारं असेल तर पेटी पुढे किंचित झुकवण्याऐवजी ट्वीटरचं भोकच दहा-पंधरा सेंटिमीटर खाली पाडावं. वीस सेंटिमीटर रुंदीची मीटरभर उंच पेटी पोरांच्या धक्क्याने कलंडू शकते, म्हणून खाली ३० × ४० सेंटिमीटरचा पाट स्क्रूने पक्का करावा.

समुद्राकाठी सामानाची निवडही बदलते. बाजारातल्या बऱ्याच पेट्या एमडीएफच्या असतात. दमट हवेत त्याच्या उघड्या कडा पाणी पिऊन फुगतात. इथे 'आयएस ७१०' शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा. तो थोडा महाग पडतो, पण या कामात जादा पैसे घालण्याची ही एक योग्य जागा आहे. बाहेरून पॉलिश आणि आतूनही वॉर्निशचा हात, कारण पाइपमधून दमट हवा आत-बाहेर करतच असते. पावसाळ्यात तबला उतरतो, तसा साधा कागदी पेपरही ओलसर होऊन जड होतो. लेप दिलेला किंवा पॉलिप्रॉपिलीनचा पेपर बरा. पेपरच्या कडेची रिंग फोमची असेल तर दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. रबरी रिंग टिकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आणि तारा जोडायचे पितळी पेच हिरवे पडले की घासून साफ करायचे.

९. उदबत्ती आणि मल्टिमीटर

पेटी तयार झाली की सूर जुळला का, हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर लावायचा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना जोडायचा. फोनवरच्या टोन जनरेटरने १५ हर्ट्झपासून हळूहळू वर यायचं. काटा एकदा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दोन डोंगरांमधली दरी जिथे सर्वांत खोल, तो पेटीचा सूर. दरी ४० ऐवजी ४४ वर आली तर पाइप थोडा लांब हवा. ३६ वर आली तर थोडा कापायचा. म्हणून सुरुवातीला पाइप दोन सेंटिमीटर लांबच ठेवावा, कापता येतो.

मग रेझिस्टर काढून, हळू आवाजात ४० हर्ट्झचा सूर लावायचा आणि पाइपच्या तोंडासमोर पेटती उदबत्ती धरायची. धूर पाइपात ओढला जातो, बाहेर फेकला जातो, त्याची रेघ विस्कटते. आता वूफरकडे पाहायचं. एवढा खर्ज ऐकू येत असताना पेपर जवळजवळ स्तब्ध असतो. काम पाइपमधली हवा करत असते. सूर ६० वर नेला की पेपर पुन्हा हलू लागतो. ३० च्या खाली उतरलं तर तो मोकाट धावतो, कारण तिथे पेटीतल्या हवेचा लगाम सुटलेला असतो. अशा सुरांवर आवाज वाढवू नये.

शेवटी कान. ओळखीच्या माणसाचं बोलणं फोनवर मुद्रित करून लावावं; ते पिंपातलं वाटलं तर मधला कापूस वाढवावा, नाकातलं वाटलं तर ट्वीटरचा रेझिस्टर बदलून पाहावा. त्यानंतर एखाद्या लग्नातलं घुमटाचं मुद्रण. डोळे मिटून ऐकताना कातड्यावरची थाप वूफरमधून सुटी यावी, आणि वादकाचा तळवा मडक्याच्या तोंडावरून उचलला गेला की खालचा सूर वर चढताना स्पष्ट कळावा.